शिवण भिंतीकडे

मोठी आत्या गेल्याचं मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेव्हा तुमच्या बाबांचा चेहरा एकदम पडद्यावरून नाहीसा झाला. "आजी, नेटवर्क गेलं असेल," ईशान, तू म्हणालास. मला तसं वाटलं नाही. मागचा दिवा, भिंतीवरचं घड्याळ, सगळं स्वच्छ दिसत होतं. फक्त माणूस खुर्चीतून उठून गेला होता... या गोष्टीला महिना होऊन गेला. परवा मीरा, तू विचारलंस, मोठी आत्या नक्की कोण होती, आणि बाबा तिच्याबद्दल बोलता बोलता मध्येच का थांबतात? म्हणून हे लिहिते आहे.

त्या तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. मी त्यांना वन्सं म्हणायचे. यजमान गेल्यावर त्या नागपूरहून हिंदी मुलखात, आमच्या बरखेड्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आल्या, तेव्हा समीर, म्हणजे तुमचे बाबा, रांगत होते. मी शाळेत शिकवायला जायचे, त्यामुळे पोर त्यांच्याच मांडीवर वाढलं. स्वभाव संशयी. दूधवाल्याने मापून दिलेलं दूध आपल्या भांड्यात ओतून पुन्हा बघायच्या. भाजीवाल्याला टोपलीत डोकावण्याआधीच सांगायच्या, "भैया, ये कल की है." माझ्यावर त्यांचा पुरता विश्वास कधीच नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर नव्हता. आम्ही दोघी एकमेकींशी अतिशय व्यवस्थित वागायचो.

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेतून यायचं. हॉलमधल्या कॉम्प्युटरमध्ये मोडेम नावाचं एक कार्ड होतं. ते नंबर फिरवायचं, मग शिट्ट्या, किंकाळ्या, खरखर, आणि सगळं एकदम शांत झालं की समजायचं, लागलं. वन्सं गुडघ्यांमुळे हॉलपर्यंत धावू शकत नसत, म्हणून त्यांच्या खोलीत त्याच तारेवर दुसरा फोन बसवला होता. तो कुणी उचलला की कनेक्शन तुटायचं. हे घरात सगळ्यांना बजावलेलं होतं. समीर तर दर वेळी आधी ओरडायचा, "आत्या, लावतोय गं!" आतून उत्तर यायचं, "लाव रे बाबा, लाव." दोन्ही फोनांना मी क्रोशाची कव्हरं विणली होती. शिवण नेहमी भिंतीकडे, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू नये.

समीरला अमेरिकेतल्या विद्यापीठाचा अर्ज भरायचा होता. एका बैठकीत सगळी पानं भरायची, आणि मध्येच तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. रोज तुटायचं. शेवटची तारीख जवळ येत चालली, तसं पोराने जेवण टाकलं. आजोबा कारखान्यात इंजिनियर, त्यांच्या मते प्रत्येक दोष यंत्रातच असायचा. त्यांनी कॉल वेटिंग बंद करून घेतलं. तार बदलली. कॉम्प्युटरचा डबा उघडून कार्ड बाहेर काढलं, खोडरबराने घासून परत बसवलं. शेवटी नवा, जास्त वेगाचा, फिफ्टी-सिक्स के मोडेम आणला, टेबलावर बाहेर ठेवायचा, लाल दिव्यांची रांग असलेला. दिवे लागायचे, थोडा वेळ टिकायचे, विझायचे. "लाईनमध्ये नॉईज आहे," त्यांनी निदान केलं. लाईनमन आला, बाहेरच्या डब्यापाशी तपासून म्हणाला, "मैडम, यहाँ तक लाइन चकाचक है. गड़बड़ घर के अंदर है."

घर के अंदर... ते शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. मी बघायला लागले. गुरुवारी वन्सं दत्ताच्या देवळात भजनाला जायच्या, त्या संध्याकाळी लाईन तुटायची नाही. नंतर एकदा लाईन तुटल्याबरोबर त्यांच्या खोलीत गेले, तर सकाळी मी नीट घातलेल्या फोनच्या कव्हरची शिवण पुढे होती.

आजोबांना सांगितलं, तर उखडलेच. "काहीतरीच काय? ताई कशाला उचलेल?"

"तुम्ही मशीनवर संशय घ्या, मी माणसांवर घेते."

दुसऱ्या दिवशी केर काढायच्या निमित्ताने मी त्यांच्या पलंगामागची फोनची पिन भिंतीतून काढून टाकली. कुणालाच सांगितलं नाही. संध्याकाळी समीर ओरडला, "आत्या, लावतोय गं!" मोडेम किंचाळला, शांत झाला. लाल दिवे लागले ते लागलेच. बऱ्याच वेळाने हॉलमधून आवाज आला, "गेला! आई, अर्ज गेला!" आजोबांनी मोडेमच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? फिफ्टी-सिक्स के आहे."

मी आत गेले. वन्सं मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लागला का समीरचा नंबर?"

"लागला."

"हं. म्हणजे जाणार आता."

त्यांच्या मागे फोनच्या कव्हरची शिवण पुढे होती.

समीर गेला. डब्यातले बेसनाचे लाडू वन्संनीच वळले होते. पुढे आम्ही आनंद नगरच्या घरी आलो, तो फोनही त्यांच्याबरोबर त्यांच्या नव्या खोलीत आला. लँडलाईन कधीच काढून टाकली, पण फोन त्यांनी हलवू दिला नाही. या उन्हाळ्यात त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा मी एका दुपारी विचारून टाकलं, "वन्सं, तेव्हा फोन तुम्हीच उचलत होतात ना?"

डोळे मिटूनच म्हणाल्या, "त्या मशीनचा आरडाओरडा थांबला की पुढे काय बोलतात, ते ऐकायचे."

"काय बोलायचे?"

"कुणी नाही गं. नुसती खरखर." आणि डोळे उघडून, "पिन काढताना पलंग सरकवला होतास. परत सरळ लावला नाहीस."

त्यांच्या त्या उत्तरावर माझा आजही विश्वास नाही. दुधाचं माप दोनदा बघणाऱ्या बाईला, फोन उचलला की तुटतं, हे समजलं नसेल? पण ज्या पोराला जाऊ द्यायचं नव्हतं, तो कुठल्या आवाजातून निघून जातो आहे, ते कान लावून ऐकावंसं वाटलं असेल, तर तेही खोटं कसं म्हणू? तुमच्या बाबांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांना आधीपासून ठाऊक असावं, असा मला संशय आहे. नाहीतर सगळ्यांना बजावलेलं असताना दर वेळी इतकं मोठ्याने ओरडून कोण सांगतं?

तार नसलेल्या त्या फोनवरची धूळ मी दर शनिवारी पुसायचे आणि कव्हर नीट घालायचे. संध्याकाळपर्यंत शिवण पुढे आलेली असायची. इतकी वर्षं. आम्ही दोघी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही.

आता मी रोज त्या खोलीत जाऊन बघते. शिवण भिंतीकडेच असते.