उभ्या ट्रॉलीचं गाणं

मित्रांनो, आमच्या सोनपेठ रोडला उसाचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातात म्हणून मी रोज चिडतो. आज त्याच गाण्यानं वाचलो.

सकाळी मोटरसायकलवर शाळेला निघालो तर धुक्यात हातभर पुढचं दिसंना. मफलर सैल होऊन गळ्यात आला होता, म्हणून कान उघडे होते. समोरून गाणं ऐकू आलं, पण ते पुढं सरकंना. घाबरून ब्रेक दाबला. दोन हातांवर उसाची भरलेली ट्रॉली, टायर फुटून रस्त्यातच उभी! मागं लाल दिवा न्हाई.

ड्रायव्हर म्हणाला, "काय करू गुरुजी? मुद्दाम आवाज वाढवून ठेवलाय."

मग एकदम ध्यानात आलं. मागून बायको स्कूटीवर यायली होती. फोन उचलंना. मोबाइलची बॅटरी लावून हलवत, ओरडत मी मागं पळालो.

उजेड दिसला तशी ती थांबली. डोक्या-कानाला घट्ट गुंडाळलेला स्कार्फ सोडला अन् म्हणाली, "अवो, एवढ्या मोठ्यानं गाणं कुठं वाजायलंय?"

उद्या सकाळी तुमच्या घरून कोण कान बांधून निघणार हाय?