चौदावा भाग नको

आमच्या शेजारणीने माझा केसाने गळा कापला. आणि मी तो स्वतः वडे तळून, माणसं जमवून, टीव्हीसमोर बसून कापून घेतला. इतका मूर्खपणा आपलीच माणसं करू जाणोत.

ही शेजारीण फिलिपिनो. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये तिचं आणि आमचं टाउनहाउस भिंतीला भिंत लागून. तिची मुलगी नर्स आहे, तिच्याकडे ही कायमची राहायला आलेली. सुरुवातीला मला वाटलं, असेल कुणाची तरी आजी, नातवंडं सांभाळायला आलेली. मग एकदा आम्ही दोघी फार्मर्स मार्केटला गेलो होतो. मी कोथिंबीर निवडत होते, तर दोन फिलिपिनो बायका तिच्याकडे बघत जागच्या जागी उभ्या राहिल्या. एकीने तिच्यासोबत सेल्फी काढला. दुसरीने हसत हसत तिच्या दंडावर चांगली सणसणीत चापट मारली. मी हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, मी वीस वर्षं टीव्हीवर दुष्ट बाई होते, ती जुना राग काढून गेली.

त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणायला लागले. माझी मुलगीही मावशीच म्हणायची. तिला तो शब्द आवडायचा.

तिचं आयुष्य मला तुकड्यातुकड्याने कळलं, बहुतेक वेळा तिच्या किचनमध्ये. ती लुंपिया करायला बसायची, म्हणजे त्यांचे ते बोटाएवढे रोल, आणि मी समोर बसून पाऱ्या गुंडाळू लागायचे. एका बेटावरचं कोळ्यांचं गाव. सोळाव्या वर्षी जत्रेत सौंदर्यस्पर्धा जिंकली, मुकुट पुठ्ठ्याचा. तिथून कुणीतरी मनिलाला नेलं. दोन वर्षं नायिकेच्या मागच्या गर्दीत उभी राहिली, मग तीन सिनेमांत स्वतः नायिका झाली. तिसऱ्या सिनेमाच्या वेळी दिवस गेले. ज्याच्यापासून गेले तो त्या सिनेमाचा नायक. त्याचं नाव तिने मला कधी सांगितलं नाही. तो पुढे तीस वर्षं नायकच राहिला आणि हिला दोन वर्षं कुणी दारात उभं केलं नाही. परत बोलावलं ते सावत्र आईच्या कामासाठी. वय वर्षं सव्वीस! मग सासू, श्रीमंत आत्या, मुलं पळवणारी, इस्टेट लाटणारी. चर्चमध्ये एका म्हातारीने तिला छत्रीने झोडपलं होतं. हे सांगताना मावशीचा चेहरा असा खुलायचा, की बक्षीस मिळालं असावं.

पन्नाशी उलटल्यावर फोन यायचे बंद झाले. तिकडे कुणी निरोपसुद्धा देत नाही, नुसतं बोलावत नाहीत, एवढंच म्हणाली.

मी एकदा विचारलं, तू भूमिकेची तयारी कशी करायचीस? ती म्हणाली, चोरते. चाल मासळीवालीची, खोकला पाद्र्याचा, जेवताना ताटाकडे बघणं स्वतःच्या आईचं. मी हसून म्हटलं, बघ हं, एक दिवस मलाही चोरशील. तर म्हणाली, तुझ्यात काय आहे चोरण्यासारखं? तू सुखी बाई आहेस.

आता बघा, माणूस कसा असतो. हे मला लागलं. जणू काही माझ्यात काही दमच नाही. आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या आईला जाऊन वर्ष होत होतं. मी बोलून गेले. जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, भावाला तर कधीच सांगणार नव्हते, ते त्या बाईसमोर ओकले.

आई नागपूरला आजारी पडली तेव्हा माझा पासपोर्ट रिन्यूअलला गेलेला होता. हे खरं. पण आई हॉस्पिटलमध्ये असतानाच तो घरी आला, हेही खरं. मी पाकीट उघडलं आणि पासपोर्ट मुलीच्या स्वेटरांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी सारला. गेले असते तर परत येताना तिकडच्या अमेरिकन वकिलातीत व्हिसाचं स्टँपिंग करावं लागलं असतं. ऑफिसमधला एक मुलगा तसाच जाऊन चार महिने तिकडे अडकला होता, आणि आमच्याकडे लेऑफ चालू होते. मी घाबरले. सरळ सांगते, नोकरीसाठी घाबरले. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्याने त्याच दिवशी विमानात बसवलं असतं, म्हणून त्यालाही नाही सांगितलं. धाकट्या भावाला रोज फोनवर म्हणत राहिले, अजून आला नाही रे. आई गेल्यावर पंधरा दिवसांनी म्हटलं, आला.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग चहा केला. मला किती हलकं वाटलं! खरंच मावशी भेटली म्हणून मी घरी येऊन देवापुढे दिवा लावला. डोंबल माझं.

त्यानंतर काही महिन्यांनी तिला मनिलाहून बोलावणं आलं. मोठी सिरियल, मोठं काम, या वेळी दुष्ट बाई नव्हे, आणि लेखक तिचे प्रसंग तिच्याशी बोलूनच लिहिणार. शूटिंग करून ती परत आली, सिरियल इंग्लिश सबटायटल्ससकट इकडे दिसू लागली, आणि मार्केटमध्ये तिच्याभोवती गर्दी व्हायला लागली. माझी छाती फुगली. त्याच सुमारास माझा भाऊ पहिल्यांदाच अमेरिकेत आमच्याकडे राहायला आला होता. मला हुक्की आली, आपण हिचा सत्कार करायचा. रविवारी दुपारी, आमच्याच घरी, शाल-श्रीफळ देऊन. मराठी मंडळातली चार घरं बोलावली. आधी एक भाग सगळ्यांनी बघायचा, मग सत्कार.

कुठला भाग लावू, म्हणून तिच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली चौदावा, तो बघून आमचं अख्खं हॉस्पिटल रडलं. मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, चौदावा नको, पहिला लाव, त्यात माझे कपडे छान आहेत. मी म्हटलं, अगं, असं काय? ती पुन्हा म्हणाली नको. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी गाठून तिसऱ्यांदा म्हणाली. आणि मला काय वाटलं, तर संकोच! आपल्याकडे दुसरा वडा कुणी पहिल्या विचारण्याला घेतं का? नको नको म्हणणाऱ्याच्या पानात आपण वाढतोच. मी तसाच आग्रह केला. शेवटी ती गप्प बसली, आणि मी चौदावा लावला.

टीव्हीवर मावशी कॅलिफोर्नियात राहणारी थोरली बहीण होती. तिकडे आई आजारी. धाकटा भाऊ फोनवर रडतोय आणि ही म्हणतेय, पासपोर्ट अजून ऑफिसातून आला नाही. बोलता बोलता कॅमेरा खाली आला. पासपोर्ट तिच्या मांडीवर होता. फोन ठेवून तिने तो लहान मुलांच्या कपड्यांच्या ड्रॉवरमध्ये तळाशी सारला, आणि मग शालीच्या टोकाने कोरडं टेबल पुसत राहिली. पुसतेय, पुसतेय.

माझी मुलगी मांडी घालून पुढे बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "आई, शी इज डूइंग युअर थिंग." मी खाली बघितलं. ओढणीचं टोक माझ्या हातात होतं आणि मी सोफ्याचा हात पुसत होते.

कुणाच्या काही लक्षात आलं नाही. बायका डोळे टिपत होत्या. नवरा म्हणाला, काय ॲक्टिंग आहे यार. माझा भाऊ मात्र टीव्हीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

टाळ्या झाल्या. नवऱ्याने माझ्या हातात शाल दिली. मला ती तिच्या अंगावर घालावी लागली, नारळ द्यावा लागला, फोटोत हसावं लागलं. शाल नीट करताना मी दात आवळून म्हटलं, हे मी तुला सांगितलं होतं, विकायला दिलं नव्हतं. ती तितक्याच हळू म्हणाली, "मी तीनदा नको म्हटलं होतं." एवढंच. ना माफी, ना काही. आणि लोकांकडे वळून तिने असं काही वाकून नमस्कार केला की पुन्हा टाळ्या पडल्या.

चीड कशाची आली सांगू? तिने केलं ते हुबेहूब होतं. सगळ्या जगाला कळलं की अशी बाई कशी घाबरते. मी तिला मावशी म्हणत होते, आणि ती त्या वेळी माझा हात बघत होती.

माणसं गेली. नवरा पाहुण्यांना सोडायला पार्किंगपर्यंत गेला. मी सिंकपाशी कप धूत होते, भाऊ शेजारी उभा राहून पुसत होता. दोन कप पुसून त्याने ओट्यावर ठेवले. मग त्याने विचारलं, "ताई, कुठल्या दिवशी आला होता?"

खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. मी म्हटलं, सोमवारी.

त्याने मनात दिवस मोजले असावेत. "म्हणजे गुरुवारी पोचली असतीस," तो म्हणाला. "मी तुला सांगितलं होतं ना, आईची शुद्ध बुधवारीच गेली म्हणून? तुझा जीव तुटू नये म्हणून म्हटलं होतं. ती शनिवारपर्यंत बोलत होती गं."

मी नळ बंद केला.

"रोज सकाळी विचारायची, आला का रे तिचा पासपोर्ट? आणि मी सांगायचो, नाही आला अजून."