मिक्सर नव्हताच

"मिक्सरमध्ये हात घालून काय करत होतीस? चटणी?"

कामगार विम्याच्या ऑफिसातले साहेब माझे कागद चाळत हसले. बाजूच्या टेबलावरची बाईपण हसली. मागे लाइन उभी होती, ती ऐकत होती. मी उजवा हात पदराखाली घेतला.

"तुम्हा लोकांना घरात काही झालं तरी कंपनीच्या नावावर पेन्शन पाहिजे." त्यांनी अर्ज माझ्याकडे ढकलला. तो खाली पडला. मीच वाकून उचलला. डाव्या हातानं.

आमच्या घरात मिक्सर नव्हता. आजही नाही. मी पाट्यावर वाटायची.

पण दवाखान्याच्या कागदावर मिक्सर होता. आणि तो मीच सांगितला होता.

अंधेरीच्या एका गाळ्यात मी पत्रा कापायच्या प्रेसवर होते. बिजागऱ्या काढायच्या. दोन हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. माल लवकर निघावा म्हणून सुपरवायझरनं एक बटण तारेनं दाबून बांधलेलं. त्यात माझी तीन बोटं गेली. आधी दुखलंच नाही. नुसता आवाज.

सुपरवायझरनं गाडीत घातलं. वाटेत म्हणाला, "घरी मिक्सरमध्ये गेली म्हणून सांग. तुझा नवरापण आपल्याकडेच आहे ना?"

नवरा त्याच गाळ्यात पॅकिंगला होता. मी तसंच सांगितलं. डॉक्टरनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लिहून घेतलं.

जखम भरल्यावर शेठनं मला झाडू मारायला ठेवलं. "उपकार समज," म्हणाले. मी समजले. खरंच समजले. तसं समजल्याची लाज बोटं गेल्यापेक्षा जास्त वाटते. विम्याचा अर्जसुद्धा नवऱ्यापासून लपवून भरला. त्याचं एकच, "गप राहा. दोघांचं काम जाईल."

ऑफिसातून हसं करून घेऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. झाडत झाडत माझ्या जुन्या प्रेसपाशी गेले. तिथं नवीन मुलगी बसलेली. सुनीता. जालन्याकडची, नुकतं लग्न झालेली. बटणाला तार तशीच.

मी मेन स्विच बंद केला. डाव्या हातानं तार सुटेना. "तू सोड गं," मी म्हटलं.

"साहेब ओरडतील, ताई."

मी पदरातून हात काढला आणि तिच्यापुढे धरला. कुणापुढे असा धरायची पहिलीच वेळ. तिनं गुपचूप तार सोडली.

सुपरवायझर आला. "तुला झाडायला ठेवलीय."

"माझी बोटं इथं गेली," मी म्हणाले. "घरी नाही. इथं."

बाजूच्या प्रेस थांबल्या. पॅकिंगच्या टेबलावरून नवरा बघत होता. मग त्यानं मान खाली घातली.

त्याच दिवशी मला आणि नवऱ्याला, दोघांनाही काढलं. मी तिथूनच विम्याच्या ऑफिसात गेले. तेच साहेब.

"दवाखान्यात मी खोटं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मग तूच अडकशील."

"अडकलेलीच आहे. लिहून घ्या."

ते घेईनात. मी बाकावर बसून राहिले. ऑफिस बंद व्हायच्या वेळेला शिपाई दोनदा उठ म्हणाला. उठले नाही. शेवटी साहेबांनी अर्ज घेतला, शिक्का मारून कॉपी दिली.

सुनीता साक्षीला यायला तयार नाही. तिला दोष देत नाही. मीपण तशीच होते. नवरा नाक्यावर काम शोधतो, घाटकोपरच्या खोलीवर येतो, जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो. परवा शेठचा माणूस येऊन गेला. "घरीच लागलं म्हणून लिहून दे. दोघांना परत घेतो." नवरा कितीतरी दिवसांनी माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या देखतच नाही म्हटलं.

उद्या विम्याच्या ऑफिसात चौकशीला बोलावलंय. नवरा येणार नाही म्हणाला. विचारतील, तेव्हा खोटं का बोललीस? सांगेन, घाबरले होते.

आतापण घाबरते. जबाब बदलणार नाही.