आईची पाठ कुणी बघितली?

घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोच्या मालकानं मला फसवलं. शिकलेली नर्स देतो म्हणाला आणि कधी पेशंटला हात न लावलेली बाई पांढरा ड्रेस घालून पाठवली.

अर्धांगवायूनं आईची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दवाखान्यातून सोडताना तिथल्या सिस्टरनं बजावलं होतं, "दर दोन तासांनी कूस बदला. रोज पाठ उघडून बघा. लाल दिसली तर चोळू नका, लगेच घेऊन या." मी फुलांचा गाळा चालवते. क्रेटच्या तळाशी हात घातल्याशिवाय शेवंती घेत नाही. मालकाला मी सिस्टरचे शब्द जसेच्या तसे ऐकवले. घासाघीस माझ्या रक्तात आहे, पण तिथं केली नाही. बाई शिकलेली हवी, एवढीच अट घातली.

"एकदम ट्रेन्ड देतो ताई, निर्धास्त राहा."

आईला बघायला सिन्नरहून नातेवाईक येत. आल्या माणसाकडं पाठ करून झोपणं आमच्यात अपमानाचं. मावशी दारातूनच ओरडायची, "अगं, पाव्हण्यांकडं पाठ काय करून ठेवली तिची? सरळ कर!" की ती बाई आईला उताणी करून गळ्यापर्यंत चादर ओढायची. पाहुणे जायचे, आई तशीच. मी दिवसभर गाळ्यावर, हे मला नंतर कळलं. खरी नर्स असती तर तिनं मावशीलाच गप्प केलं असतं. संध्याकाळी मी विचारायची, "कूस बदलली? पाठ बघितली?"

"हो ताई."

चादर स्वच्छ, केस विंचरलेले. मग एका रविवारी आईला भरवताना वास आला. सडका वास ओळखायला मला वेळ लागत नाही. तिला कुशीवर केलं, तर माकडहाडावर तळहाताएवढं काळं पडलेलं, कडेनं पू, आणि वर पावडरचा थर.

"हे काय आहे?"

"लाल झालं व्हतं ना ताई. मालिश केलं, पावडर लावली."

"कुणी शिकवलं तुला?"

ती रडायला लागली. "कुणी नाय. मी अंबडला कंपनीत पॅकिंगला व्हते. सायेबांनी ड्रेस दिला. म्हणले, भरवायचं न् डायपर बदलायचं, लय सोपं हाय."

डॉक्टरांनी मेलेलं मांस कापून काढलं. आईला ओरडता येत नाही. डाव्या हातानं तिनं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. "जंतू रक्तात गेले तर अवघड आहे," डॉक्टर म्हणाले. ताप अजून उतरलेला नाही.

मालकाला फोन केला. म्हणतो, "अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होतंच हो ताई, वय झालंय. बाई बदलून देऊ का?"

बाई नको. तू ये. उद्या ड्रेसिंगच्या वेळी खाटेजवळ उभा राहा, पट्टी काढताना मान फिरवू नकोस. आणि डॉक्टरांसमोर, माझ्या आईकडं बघून सांग: ही नर्स आहे, असं कुणी ठरवलं? आणि आज अजून कुणाकुणाच्या घरी तू असे ड्रेस पाठवले आहेस?