आबांना आई मोठी दिसावी म्हणून

आई गेल्यावर मला कशाचंच काही वाटेनासं झालं. सांगलीत माझा संसार चालू होता, पोळ्या लाटत होते, हसायच्या जागी हसत होते. चिडचिड तेवढी शाबूत होती. तशात साताऱ्याहून आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, मिरजेच्या डॉक्टरांकडं आणलं. डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. एसटी स्टँडवर आबा बाकड्यावर टेकले. मग म्हणाले, "तुझ्या लग्नाची कॅसेट हाय न्हवं? तुझ्या आईला एकदा चालताबोलताना बघू दे. फोटूत ती मला आता दिसत न्हाई."

टीव्हीवर त्यांना नुसती हालचाल कळायची. भिंतभर चित्र हवं, म्हणजे प्रोजेक्टर हवा. माझा भाऊ, दादा, शिरवळच्या कारखान्यात होता. तिथल्या मीटिंगच्या खोलीतला प्रोजेक्टर साहेबांना विचारून रविवारपुरता मिळणार होता. दुसरा सांगलीतल्या एका व्हिडिओवाल्याकडं होता, घरी सिनेमा बघण्यासाठीचा. तो म्हणाला, "ताई, हापिसातल्या मशीनला उजेड लय, पण माणसं पांढरीफटक दिसत्यात. ते आकडे दाखवायला ठीक. माझ्या मशीनवर कातडीचा रंग खरा येतो. खोली फक्त काळीकुट्ट पाहिजे."

हे ऐकून दादा त्याच्याच बाजूचा झाला. "आई गव्हाळ होती, गव्हाळच दिसली पाहिजे."

"अरे, रंग घेऊन काय चाटायचाय? आबांना उजेड लागतो, उजेड! त्यांची नजर जाईल तोवर तुझं रंगपुराण चालूच राहील."

फोनवर कडाकडा भांडलो. भांडताना बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी शिरवळचाच आणला.

साताऱ्याच्या घरी भिंतीला पांढरी चादर ठोकली, व्हीसीआर जोडला. आबा नवं धोतर नेसून पुढ्यात बसले. माणसं खरंच पांढरीफटक दिसत होती, पण उजेड भरपूर होता. आबांना घोड्यावरचा नवरासुद्धा ओळखू आला. "व्हय, दिसतंय की!" मी दादाकडं तोऱ्यात बघितलं.

"तुझी आई कवा येती?"

"येईल की आता."

अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या. मामा दिसले, काका दिसले, कधी न भेटलेले पाहुणे दिसले. आई कुठंच नव्हती. आमच्यात मुलीची आई अक्षता बघत नाही. मंगलाष्टका चालू असताना ती मांडवाबाहेर तुळशीला पाणी घालत उभी राहते. त्याआधी ती कोठीच्या खोलीत होती, आणि शूटिंगवाल्याची कॅसेट पंगतीतच संपली होती. लग्नानंतर घरच्या सगळ्यांनी मिळून हीच कॅसेट बघितली होती. पण तेव्हा आई आत चहा करत होती. तिला पडद्यावर कोण शोधणार? जो तो आपलं तोंड शोधत होता.

पंगतीत जांभळ्या शालूतली मावशी वाढायला वाकली. कॅसेट आता संपणार होती. मी म्हणून गेले, "आबा, ती बघा, आली! जांभळा शालू."

आबा पुढं झुकले. बराच वेळ बघत राहिले.

"तुझी मावशी हाय ती. वाकण्यावरनं कळतं मला."

पडद्यावर मावशी पुढच्या पानाकडं सरकली.

"तुझी आई तुळशीपाशी हाय," आबा म्हणाले. "लय म्हणत होती, एकदा डोकावून बघती, एकुलती एक लेक हाय. मीच न्हाई म्हणलो. लोक काय म्हणतील म्हणून. तिला बघू दिलं न्हाई मी. आता मला कशाला दिसंल ती? बंद कर, पोरी."

दादा हमसून हमसून रडायला लागला. आबाही रडले. मला रडू आलं नाही. मी मशीन बंद केलं आणि वायर गुंडाळत बसले. सोमवारी सकाळी ते शिरवळला परत द्यायचं होतं.