एवढासा गोल

सरकारी निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा पेपर सुटला. कडुलिंबाच्या सावलीत आमच्या मोटारी उभ्या होत्या. माझ्या शेजारी उन्हात एक शेतमजूर बाई ताटकळली होती. तिची मुलगी धावतच आली. "आई, सगळी गणितं आली! बरोबर उत्तरांवर टिक करून आले."

माझ्या भाचीने मला बाजूला ओढलं. "आत्या, गोल काळे करायचे होते गं. मशीन टिक वाचत नाही. क्लासमध्ये वर्षभर तेच तर करून घेतलं."

म्हणे गावाकडच्या गरिबांच्या पोरांसाठी काढलेली शाळा! त्यांना बाहेर ठेवायला एवढासा गोल पुरतो, आणि तो कसा भरायचा हे आमची पोरं फी देऊन शिकतात.

बाई माझ्याकडे वळली. "ताई, तिथं पोरींना घरची गोधडी चालते का हो?"

"चालते," मी म्हणाले.