फळीखालचा फिल्टर

हारूनला एका जागी बसवत नसे. जेवतानासुद्धा त्याचा एक पाय हलत असायचा, आणि फोनवर बोलताना तो कामगारांच्या कॅम्पच्या अंगणात इतक्या फेऱ्या घालायचा की केरू वेल्डर म्हणे, ह्याच्या पायाला मीटर लावा. दाभोळच्या खाडीकाठी दालदी मासेमारांच्या कुटुंबात जन्मलेला हा माणूस, पण घरच्या होडीत त्याला कोणी घेत नसे. वडील आणि चुलते गळ सोडून तासन् तास गप्प बसायचे. हा मध्येच उठायचा, इकडून तिकडे जायचा, होडी डुगडुगायची आणि वडील शिव्या देत त्याला किनाऱ्यावर उतरवून टाकायचे. मासेमारांच्या घरातला मासे धरता न येणारा मुलगा म्हणून गावाने त्याची यथेच्छ चेष्टा केली. मग तो डिझेल इंजिनं शिकला आणि ऐन तारुण्यात सौदीतल्या खफजीला आला. समुद्रातल्या तेलाच्या फलाटांवर माणसं पोचवणाऱ्या लाँचेस तिथे एका छोट्या कंपनीकडे होत्या, त्यांची इंजिनं तो सांभाळू लागला. पन्नाशी उलटली तरी तो तिथेच होता.

मासे धरायला त्याला एका गोऱ्या माणसाने शिकवलं, ही गोष्ट तो गावात कधी बोलला नाही. योनास नावाचा स्वीडिश इंजिनीयर काही वर्षं खफजीला होता. त्याच्या देशात उत्तरेकडचा समुद्र म्हणे इतका कमी खारट असतो की नदीतला पाइक नावाचा मासा किनाऱ्याच्या बोरूत येऊन राहतो. लांबुडकं तोंड, करवतीसारखे दात, आणि स्वभाव असा की गवतात दबा धरून बसायचं आणि समोरून काही चमकत गेलं की झडप घालायची. त्याच्यासाठी ते लोक पिसांची आणि केसांची खोटी मासोळी बांधतात. तिला फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी, पण ही माशी वीतभर लांब असते. तिला वजन नसतं. वजन असतं जाड दोरीला, आणि ती दोरी काठीने मागेपुढे झुलवून लांब फेकायची असते.

पहिल्यांदा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून दोरी झुलवणारा योनास पाहिला तेव्हा हारूनला वाटलं, साहेबाचं डोकं उन्हाने फिरलं. पण तो बघत राहिला. ह्या मासेमारीत बसायचंच नव्हतं. फेकायचं, भराभर हाताने दोरी ओढायची, दोन पावलं पुढे, पुन्हा फेकायचं. हारूनला वाटलं, अरे, हे तर माझ्यासाठीच काढलेलं आहे.

खफजीला पाइक नव्हता. पण हिवाळ्यात उथळ पाण्याच्या शेवाळात बॅराकुडा येतो, आणि त्याचं तोंड, दात, दबा, सगळं तसंच. योनास त्यालाच पाइक म्हणायचा आणि मग हारूनही म्हणू लागला. योनास गेला तेव्हा काठी हारूनला देऊन गेला. विकतच्या फ्लाय संपल्यावर हारून स्वतः बांधू लागला. बकरी ईदला कॅम्पातले सगळे मटणाच्या वाट्यांमागे असत, तेव्हा हा कसायाकडून बोकडांच्या शेपट्या मागून आणी. केस धुऊन, वाळवून, बायको शरफुन्निसाने गावाहून पाठवलेल्या मेंदीत रंगवी. त्यात लग्नाच्या ओढणीतली जर बांधी. दातांनी दोरी तुटू नये म्हणून पुढे जुन्या कंट्रोल केबलमधली पोलादी तार. तिला वाटे, नवरा म्हातारपणी दाढी रंगवायला लागला.

निताकात, म्हणजे ठरावीक सौदी माणसं कामावर ठेवलीच पाहिजेत असं सरकारी फर्मान, आलं आणि खफजीतल्या कंपन्या रंगांनी ओळखल्या जाऊ लागल्या. सौदी माणसं पुरेशी असतील तर हिरवी, नसतील तर लाल, आणि लाल झाली की व्हिसे बंद. हारूनची कंपनी लाल झाली. कंपनीच्या साहेबाने त्याच्या हाताखाली मिशाल नावाचा खफजीचाच तरुण आणून उभा केला आणि सांगितलं, याला तयार कर. तयार झाल्यावर काय, हे साहेबाने सांगितलं नाही, पण ते कोणाला सांगायला लागत नव्हतं.

कॅम्पात अशा वेळी काय करायचं हे ठरलेलंच होतं. हातचं राखून शिकवायचं. केरू आपल्या शिकाऊ पोराला वेल्डिंग दाखवी, पण मशीनचा काटा कुठे ठेवायचा ते पाठ फिरवून करी. मल्याळी इलेक्ट्रिशियनने तर एका पॅनेलमधल्या तारांवर चुकीची लेबलं लावली होती, आणि ती चुकीची आहेत हे फक्त त्यालाच माहीत होतं. केरू हारूनला म्हणाला, "सगळं उघडं करू नको. एक गोष्ट ठेव आपल्याकडे. मग बोलावतील."

हारूनकडे ती गोष्ट आधीपासून होती. जुन्या लाँचच्या डिझेलच्या टाकीत पाणी साचायचं, म्हणून त्याने मागे कधीतरी एक जादा फिल्टर बसवला होता, टाकीमागे, पायाखालच्या फळीच्या आत. जागा तिथेच होती, म्हणून तिथे. लबाडी त्यात काडीची नव्हती. लबाडी नंतर आली. दर आठवड्याला त्यातलं पाणी काढलं नाही तर इंजिन खोकत खोकत बंद पडे, आणि ते पाणी कधी काढायचं, कुठून काढायचं, हे मिशालला दाखवायचं त्याने टाळलं. मिशाल चहाला गेला की हा फळी उचले.

गंमत अशी की मिशाल त्याला आवडू लागला होता. पोरगा उद्धट नव्हता. काकाला म्हणावं तसं 'अम्म हारून' म्हणे. हात काळे करायला लाजत नसे, आणि घरी वडील त्यावरून नाकं मुरडत तरी येत असे. शुक्रवारी सकाळी इंजिन चालवून बघायचं म्हणून लाँच बाहेर काढायची आणि उथळ पाण्यात पाइक शोधायचा, ही चैन दोघांनी सुरू केली. इथे मात्र हारूनने काही राखलं नाही. दोरी मागे पूर्ण ताणली जाईपर्यंत थांब, घाई केलीस तर डोक्यावर दोरीचा गोळा पडेल, असं त्याने शिकवलं, आणि हे शिकवताना स्वतःची घाई आठवून तोच हसला. पहिल्यांदा मासा लागला तेव्हा त्याने स्वतः काय केलं होतं तेही सांगितलं. वडिलांना लहानपणी पाहिलेलं, म्हणून दोरी दोन्ही हातांनी खसाखसा आत ओढली होती आणि मासा तार घेऊन गेला होता. "तो पळेल तेव्हा पळू दे," त्याने मिशालला सांगितलं. मिशालला त्याचं वेड लागलं. बोकडाचे केस मागायला तो आता स्वतः कसायाकडे जाऊ लागला.

त्या हिवाळ्यात शरफुन्निसा व्हिजिट व्हिसावर आली. उमऱ्याला जायचं ठरलं. लग्नानंतर इतकी वर्षं ती गावात आणि हा इथे. दोन वर्षांतून एकदा पाहुण्यासारखा जायचा आणि रजा संपायच्या आधीच अंगणात फेऱ्या घालायला लागायचा. अफनान, त्यांची मुलगी, त्याला आवाजाने जास्त ओळखायची, चेहऱ्याने कमी.

निघायच्या दिवशी हारून लाँचवर गेला. फळी उचलली. फिल्टरच्या काचेत पाणी अर्ध्यावर आलेलं दिसत होतं. तो जरा वेळ उकिडवा बसला आणि फळी परत ठेवली. मी नसताना जेट्टीवरच बंद पडू दे एकदा. साहेब घामाघूम होऊ दे, कळू दे त्यांना हारून म्हणजे काय. असा हिशेब करून तो बसला गाडीत, आणि गाडी डम्मामच्याही पुढे गेल्यावर त्याला आठवलं की उद्या शुक्रवार आहे.

मग काही त्याला चैन पडेना. बसमध्ये फेऱ्या घालता येत नाहीत. तो उठे, वरच्या फळीवरची पिशवी उगाच सारखी करी, बसे, फोन काढी, ठेवी. मिशालला फोन करून जाऊ नको म्हणावं, तर का म्हणून सांगायचं? वारा आहे म्हणावं? वारा नसला तर? लाँच न्यायचा नाहीच कदाचित. एकटा कशाला जाईल तो?

"अवो, जरा बसा की," शरफुन्निसा म्हणाली. "मक्केला चाललोय का पोलीस मागे लागलेत?"

रियाध मागे पडलं आणि सकाळी एका पेट्रोल पंपावर बस नाश्त्याला थांबली, तेव्हा मिशालचा फोन आला.

"अम्म हारून, इंजिन बंद पडलं. खोकलं आणि बंद पडलं."

"कुठे आहेस?"

"शेवाळाच्या पलीकडे. शमाल सुटलाय, लाँच बाहेर चाललीय. नांगर धरत नाही. वडील पण आहेत बरोबर. म्हटलं एकदा त्यांना दाखवावं मी काय शिकलो ते."

हारून फोन कानाला दाबून बसपासून दूर गेला. शमाल म्हणजे वायव्येचा वारा, तो लाँचला उघड्या समुद्रात नेणार. पुढे तेलाचे फलाट होते आणि त्यांच्याभोवतीच्या मनाई असलेल्या पाण्यात विचारल्याशिवाय शिरलेल्या लाँचशी पहारेकरी प्रेमाने बोलत नसत. काय करायला हवं ते त्याच्या जिभेच्या टोकावर होतं. तरी तो म्हणाला, "पंपाचे नट सैल कर. हवा काढ. शिकवलंय ना तुला?"

नुसती हवा काढून काही होणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी सांगितलं. आणि सांगून झाल्यावर पेट्रोल पंपाच्या मागे, टायरच्या ढिगाशी, तो येरझाऱ्या घालू लागला. केरूला फोन करावा, दुसरी लाँच पाठवायला सांगावी. ती पोचेपर्यंत बराच वेळ जाईल, पण पोचेल. फिल्टर फळीखालीच राहील. आपण परत जाऊ, काहीतरी केल्यासारखं करू, आणि सगळे म्हणतील हारूनच पाहिजे. त्याने केरूचा नंबर काढलासुद्धा.

शरफुन्निसा चहाचे दोन कागदी पेले घेऊन त्याच्या मागे येऊन उभी होती. "काय झालं ते सांगाल का?" तिने विचारलं. तेवढ्यात फोन पुन्हा वाजला.

"हवा काढली. काही नाही." मिशालचा आवाज आता बारीक झाला होता. "फलाटाची ज्योत दिसायला लागलीय. वडिलांना उलट्या होतायत."

"टाकीच्या मागची फळी उचल," हारून म्हणाला.

"काय?"

"पायाखालची. उजवीकडून निघते. आत काचेचा फिल्टर आहे. खाली पितळी तोटी आहे, ती फिरव आणि सगळं पाणी जाऊ दे. डिझेल यायला लागलं की बंद कर. मग हवा काढ आणि मार स्टार्टर."

पलीकडून वाऱ्याचा आवाज येत राहिला. फळी आपटल्याचं ऐकू आलं, मग मिशालचं वडिलांशी काहीतरी, मग स्टार्टरची घरघर, एकदा, दोनदा. हारून डोळे मिटून उभा होता. इंजिन लागलं तेव्हा त्याला ते फोनवर ओळखता आलं, इतकं ते त्याचं होतं.

 मिशालने लाँच वळवली असावी, कारण वाऱ्याचा आवाज बदलला. मग त्याने शांतपणे विचारलं, "हा फिल्टर कोणी बसवला?"

"मी."

"आणि पाणी कोण काढायचं?"

"मीच. तू चहाला गेलास की."

 हारूनला वाटलं, आता शिव्या देईल, साहेबाचं नाव घेईल. मिशालने शिव्या द्याव्यात अशीच त्याची इच्छा होती.

"मासे धरायचं तरी सगळं शिकवलंयत ना?" मिशालने विचारलं.

"त्यात काही राखलं नाही," हारून म्हणाला. "वल्लाह, काही नाही."

"बरं," मिशाल म्हणाला आणि फोन ठेवला.

हारून टायरवर बसला. बसला म्हणजे खरोखर बसला, पाय न हलवता. त्याला लाज वाटत होती, इतकी की बायकोकडे बघवेना. शरफुन्निसाने एक पेला त्याच्या हातात दिला आणि दुसऱ्या टायरवर ती बसली. तिला अर्धं कळलं होतं, उरलेलं त्याने सांगितलं. फिल्टरचं, केरूचं, निघायच्या दिवशी फळी परत ठेवली त्याचं. 

"आता त्यांना माझी गरज नाय," तो शेवटी म्हणाला. "पोरगा तयार झाला. दोनचार महिन्यांत खलास."

"मग या की घरी."

"ते तर हाय."

"एवढं कशापायी लपवलं मग? घर हाय, अफनानचं शिक्षण झालं, तिला चांगली नोकरी लागली. कमी काय हाय तिथं?"

हारूनने चहा तसाच खाली ठेवला. बसचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता आणि लोक लगबगीने चढत होते.

"मना भ्याव वाटतं," तो म्हणाला. "तिथं मी काय करू? तुमचं दोघींचं सगळं बसलेलं हाय. रजेवर आलो तरी कुठं बसायचं ते मना कळत नाय."

ह्यावर ती हसेल, किंवा काहीतरी समजुतीचं बोलेल, असं त्याला वाटलं. शरफुन्निसा उठली, ओढणी सारखी केली आणि त्याच्याकडे न बघता बसकडे पाहत राहिली.

"भ्याव मना पन वाटतं," ती म्हणाली. "तुमी याल म्हणून."